मागच्या चाकाची थरथर

५ मार्च १९७८, रविवार

आज एक काम अंगावर घेतलं आणि तेव्हापासून पोटात गोळा आहे.

सकाळी सयाजी आला. उद्यमनगरात आमच्या टायरच्या कारखान्याला लागून त्याचं लेथचं वर्कशॉप आहे. वडील गेल्यापासून तोच चालवतो. पंचवीस वर्षांचा, उंचापुरा, मोकळ्या बोलण्याचा मुलगा. मोटरसायकलच्या शर्यतींचा नाद. गेल्या वर्षी वीस मिनिटांची एक शर्यत जिंकला, तर तालमीतल्या मंडळींनी त्याला खांद्यावर घेऊन सगळी पेठ फिरवली होती.

आता सोळा एप्रिलला माळावरच्या जुन्या धावपट्टीवर सहा तासांची शर्यत आहे. गाडी एक, स्वार दोन, आळीपाळीनं एकेक तास. सयाजी आणि त्याचा दोस्त कृष्णात.

"वीस मिन्टाला कुठलाबी टायर चालतोय, काका. सहा तासाला न्हाय चालत. टायर तुम्ही निवडायचा."

मी म्हटलं, बाबा रे, मी ट्रकच्या टायरचा माणूस. झिजलेल्या टायरवर आम्ही नवं रबर चढवतो, आणि मी शेवटी हातोडीनं ठोकून पास का नापास एवढंच सांगतो. शर्यतीतलं मला काय कळणार?

"म्हणून तर आलोय. तुमच्याएवढा भिऊन टायर बघणारा माणूस आख्ख्या कोल्हापुरात न्हाय."

तो हसत म्हणाला, पण मला ते लागलं. एवढं सगळ्यांच्या लक्षात येतं तर.

जाताना दारात थांबला. "तुम्ही नको म्हटलासा तर नाव मागं घेतो, काका. तुमच्या शब्दाभाईर मी न्हाय."

या वयात एवढा मान देणारी मुलं कुठं आहेत आता. मला नाही म्हणवेना. तो गेल्यावर पद्मजा म्हणाली, "तो टायर मागायला आला होता की आणखी काही?" मी म्हटलं, टायरच. बायको शिक्षिका; शाळेत शिकवून शिकवून तिला प्रत्येक वाक्याचा अर्थ विचारायची सवय लागली आहे.

७ मार्च, मंगळवार

सयाजी दोन प्रकारचे टायर ठेवून गेला आहे.

एक बाजारात मिळतो तो साधा. कडक रबर. सहा तास काय, सहा महिने टिकेल, पण वळणावर जमीन धरणार नाही. दुसरा बेंगळूरच्या कुणा स्वाराकडून आणलेला परदेशी, खास शर्यतीचा, वापरलेला. नख लावलं तर नख रुतावं इतका मऊ. वळणावर चिकटेल, पण आपल्या खरबरीत काँक्रीटवर दीड तासात संपेल. शिवाय बाजूंना केसासारख्या बारीक चिरा आहेत. किती वर्षं कुठं पडून होता कुणास ठाऊक.

तिसरी वाट माझ्याच मनात आली आणि मन तिच्यापासून पळू लागलं. चांगल्या टायरचा सांगाडा घ्यायचा आणि त्यावर आपणच मधलं रबर चढवायचं, फार कडक नाही, फार मऊ नाही. पण चढवलेलं रबर वेगात तापून सुटलं तर?

मला याची भीती का वाटते ते या वहीत कधीच लिहिलं नाही. आज लिहितो. तीन वर्षांपूर्वी आंबा घाटाच्या अलीकडे एका ट्रकचा टायर फुटला. चढवलेला थर सोलून निघाला होता. ट्रक ओढ्यात गेला आणि चालक आकाराम याचा उजवा हात कोपरापासून गेला. टायर मी पास केलेला होता. चौकशीत निघालं, दगड लागला असावा. मला कुणी काही बोललं नाही. पण तो टायर ठोकताना एका जागी आवाज किंचित बद्द आला होता. जेवणाची सुट्टी व्हायला दोन मिनिटं होती. मी पुन्हा ठोकला नाही.

एवढंच. आता बंद करतो.

१२ मार्च, रविवार

धावपट्टीवर सराव. काँक्रीटच्या सांध्यांतून गवत उगवलेलं. रिकामी पिंपं उभी करून वळणं आखली आहेत. लांबच्या टोकाचं वळण वाईट आहे. उतारावरून वेगानं यायचं आणि एकदम उजवीकडे वळायचं.

साध्या टायरवर सयाजी दहा मिनिटं फिरला आणि त्याच वळणावर मागचं चाक घसरून पडला. फार नाही, कोपर खरचटलं. मी पळत गेलो तर तो उठून कपडे झाडत होता. मग पिंपाच्या आड जाऊन ओकला.

"सकाळची मिसळ बाधली वाटतं," तो म्हणाला. एवढं तिखट खाऊन उन्हात गाडी फिरवायची म्हणजे दुसरं काय होणार. मी त्याला सांगितलं, शर्यतीच्या दिवशी ताकभात खाऊन यायचं.

मग परदेशी टायर लावून कृष्णात फिरला. गाडी रुळावरून जावी तशी गेली. कृष्णात उतरला तोच, "ह्योच घालायचा." मी व्हर्नियरच्या मोजपट्टीनं रबराची खोली मोजली. वीस मिनिटांत सव्वा मिलिमीटर गेलं होतं. हा घातला तर सहा तासांत निदान तीनदा चाक बदलावं लागेल, आणि दर वेळी सात मिनिटं जातील. त्या चिरांवर तर माझा विश्वासच नाही.

सयाजीनं बाजूला घेऊन विचारलं, "काका, एकबी टायर बसत नसंल तर तसं सांगा. उगं माझ्यासाठी वढाताण करू नका."

आपल्यासाठी मला त्रास नको, एवढा विचार. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "काळजी करू नकोस. मी स्वतः टायर बनवून देतो." तोंडातून निघून गेलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

१९ मार्च, रविवार

एस.टी.नं कुरुंदवाडला गेलो. आकारामला भेटायला.

पद्मजाला सांगितलं की टायरबद्दल विचारायचं आहे. ते खरंच होतं. फुटण्याआधी टायर काही इशारा देतो का, हे ज्याच्या हाताखाली फुटला त्यालाच माहीत. पण बसमध्ये मी दुसरंच वाक्य पाठ करत होतो.

त्यानं भावाच्या घरालगत सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं आहे. एका हातानं आणि गुडघ्यानं चाकाचं रबर असं झटकन उतरवतो की बघत राहावं. मला बघून उठला. "या की पावणं. बसा." मग ओळखलं. "अवो, तुम्ही तर कारखान्यातलं उपळेकर साहेब."

चहा आला. मी विचारलं.

त्यानं कपबशी खाली ठेवली. "इशारा दिलता की. मैलभर आधीपास्नं स्टेरिंग थरथरत हुतं. लई न्हाय. हाताला मुंग्या आल्यागत. मला वाटलं रस्ता खराब हाय. रस्त्यावर ढकललं मी."

"थांबला असतास तर?"

"थांबलो असतो तर आज ह्या हातानं तुमाला चहा दिला असता," असं म्हणून तो हसला. मला हसू आलं नाही. पाठ केलेलं वाक्य घशाशी आलं होतं. तेवढ्यात त्याची बायको चिमणाबाई आतून म्हणाली की पाहुण्यांना जेवून जाऊ द्या. मी बस चुकेल म्हणून उठलो. बसला अजून पाऊण तास होता. तो मी स्टँडवर बसून काढला.

२२ मार्च, बुधवार

जाड की पातळ, यावर तीन दिवस डोकं चालवतो आहे.

रबराचा थर जाड घेतला तर टिकेल, पण जाड रबर आत तापतं, आणि तापलं की सुटतं. पातळ घेतला तर थंड राहील, पण झिजून सांगाड्याला लागेल. दोन्हीकडे भीतीच आहे. फक्त एक पाचव्या तासाला येते आणि दुसरी सहाव्या.

शेवटी सहा मिलिमीटर ठरवलं. आज मागच्या चाकासाठी दोन टायर साच्यात शिजवले. एक शर्यतीला, एक जादा. बाहेर काढले तेव्हा त्यांचा वास आणि वाफ छातीत भरली. हातोडीनं एकेका बोटाच्या अंतरावर ठोकले. सगळीकडे आवाज खणखणीत. दुपारी परत ठोकले. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर परत. मालक दारातून म्हणाले, "उपळेकर, टायर आहे, तबला नव्हे."

२६ मार्च, रविवार

नव्या टायरवर सव्वा तास सराव. दोघेही फिरले. झीज तासाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास. सहा तासांत साडेचार-पाच जाईल, एक उरेल. चाक थांबताच रबरावर तळहात ठेवून मी पाच आकडे मोजतो. पाचापर्यंत हात राहिला तर ठीक. आज सातापर्यंत राहिला.

कृष्णात खूश. "काका, लोण्यावानी वळतंय की."

सयाजी मात्र लांबच्या वळणावर अजून आधीच वेग कमी करतो. कृष्णातपेक्षा प्रत्येक फेरीला दोन सेकंद जास्त लागतात. मी त्याला समजावलं की टायर नवा आहे, विश्वास बसायला वेळ लागतो.

दुपारी त्याला जेवायला घरी आणलं. बोलला फार नाही. तो गेल्यावर पद्मजा म्हणाली, "त्याचं ताट बघितलंत? भात होता तसा आहे. आणि पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरत होता." आमच्या आमटीत गूळ असतो, त्या लोकांना ती गोड लागते. पुढच्या वेळी तिखट करायला सांगितलं पाहिजे.

२ एप्रिल, रविवार

आज खूण ठरवली. आकारामनं सांगितलेलं दोघांना सांगितलं. हँडलला जराशी थरथर जाणवली, मुंग्या आल्यासारखं झालं, तर दोष रस्त्यावर ढकलायचा नाही. आमच्या जागेसमोरून जाताना डाव्या हातानं पेट्रोलच्या टाकीवर दोन थापा मारायच्या. मी लाल फडकं दाखवीन. पुढच्या फेरीला आत यायचं.

कृष्णात म्हणाला, "थरथर काय, गाडी दिवसभर थरथरत असतीया."

सयाजीनं मात्र नीट ऐकून घेतलं. "दोन थापा मारल्या की तुम्ही थांबवणार? पुढं काय बी असू दे?"

"काहीही असू दे."

"पयल्या नंबरावर असलो तरी?"

"तरी."

त्यानं दोनदा टाकीवर थाप मारून बघितली. किती मन लावून शिकतो.

८ एप्रिल, शनिवार

पाडवा. गुढी उभारली. पेठेत सयाजी आणि कृष्णातच्या नावाचा बोर्ड लागला आहे. रंगीत, माणसाएवढा. त्याखालून जाताना सयाजी भेटला. वर न बघता म्हणाला, "काका, अजून आठ दिस हाईत. टायरात तुम्हाला काय शंका असंल तर सांगा. आत्ता सांगितलं तरी चालंल."

खरं म्हणजे मला शंकांशिवाय दुसरं काही नाही. काल कारखान्यात टायर परत ठोकून आलो. पण त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि वाटलं, आपली भीती या मुलाच्या अंगात घालायचा आपल्याला काय अधिकार. आयुष्यात एकदा तरी धीरानं बोलावं. मी म्हटलं, "तिळभर शंका नाही."

"न्हाय ना?" तो म्हणाला. "बरं." आणि गेला.

चांगलं केलं असं वाटतं आहे. पण मग गोळा का जात नाही पोटातला?

१५ एप्रिल, शनिवार

दुपारी चार. सगळं तयार आहे. जादा चाक, हवेचा पंप, लाल फडकं, व्हर्नियर. सयाजीची आई बायडाबाई सकाळी आमच्याकडे येऊन गेली. ती मूळची नेसरीकडची, फार बोलत नाही. म्हणाली, "तुम्ही तिथं हाय म्हणून मी घरात बसणार. न्हायतर आलेच असते." मी म्हटलं, मी आहे. म्हणाली, "त्येला आत बोलवायचं तुमच्या हातात हाय म्हणं. खरं का?" मी हो म्हटलं. ती पदरानं तोंड पुसत उठली.

ती गेल्यावर मी लाल फडकं काठीला घट्ट बांधलं.

१६ एप्रिल, रविवार

आत्ता संध्याकाळचे सात. क्रमानं लिहितो, नाहीतर राहून जाईल.

नऊला सुरुवात. सतरा गाड्या. पहिला तास कृष्णात, सहावे आलो. दुसरा सयाजी, तीच जागा राखली. मऊ परदेशी टायरवाले पुढं होते, पण दोन तासांत त्यांची चाकं बदलायची वेळ आली आणि आम्ही एकेक करून वर सरकत गेलो. स्वाराच्या प्रत्येक बदलीला मी तळहात ठेवत होतो. सात, सहा, सहा. ऊन चढलं तसं पाच. झीज मोजली, हिशेबाप्रमाणे. चौथ्या तासाअखेर दुसरे. पाचव्यात कृष्णातनं बेळगावच्या गाडीला मागं टाकलं आणि आम्ही पहिले. पेठेतली माणसं दोरीच्या बाहेर नाचायला लागली. माझ्या बनवलेल्या टायरवर. मला आनंद झाला असावा, पण तो भीतीच्या खाली कुठंतरी दबला होता.

दोन वाजता शेवटच्या तासाला सयाजी बसला. हातमोजा घालताना त्याला बोटं सापडेनात, मी घालून दिला. "पाच," मी त्याला सांगितलं. "हात पाचापर्यंत राहतोय. टायर चांगला आहे." त्यानं मान हलवली.

अडीचच्या आधी जरा लांबच्या वळणावर बेळगावचा स्वार पडला. सयाजी त्याला फेरीनं मागं टाकायला आला होता, वीस-पंचवीस हातांवर होता. त्या गाडीचं मागचं चाक घसरलं, ती आडवी होऊन पिंपांत घुसली आणि तो माणूस तिच्याखाली. सयाजी कसाबसा बाजूनं निघाला. जीपमधून त्या माणसाला नेलं. मांडीचं हाड मोडलं आहे, पण शुद्धीवर होता असं नंतर कळलं. तेव्हा मात्र आम्हाला फक्त काँक्रीटवर पसरलेलं तेल आणि एकटाच पडलेला बूट दिसत होता.

त्याच्या पुढच्या फेरीला सयाजी समोरून गेला आणि त्याचा डावा हात सुटला. टाकीवर दोन थापा.

तीच थरथर. माझ्या रबराखाली, मला न दिसणाऱ्या जागी थर सुटू लागला होता. मी फडकं उचललं तर कृष्णातनं काठी धरली.

"काका, अर्धा तास ऱ्हायलाय. एक फेरी पुढं हाय आपण. चालू द्या."

"त्यानं खूण केली."

"चुकून लागला असंल हात."

"दोनदा?"

"अवो सगळी पेठ उभी हाय हितं."

मी आयुष्यात कुणाला ढकललं नव्हतं. आज कृष्णातला ढकललं. दोरीखालून पट्टीच्या कडेला गेलो आणि फडकं धरून उभा राहिलो. मागून माणसं ओरडत होती. काय ओरडत होती ते लिहीत नाही.

सयाजी आला. फडकं दिसण्याइतका जवळ यायच्या कितीतरी आधी त्यानं वेग कमी केला होता. थरथर फारच वाढली असणार.

चाक बदललं. रबरावर हात ठेवला, नऊपर्यंत मोजलं, हात राहिला. म्हणजे उष्णता आत दडली होती. जादा चाक बसवून कृष्णात निघाला तेव्हा आम्ही चौथे होतो, आणि चौथेच राहिलो.

सयाजी पिंपाला टेकून खाली बसला होता, हेल्मेट पोटाशी धरून. त्याचं सगळं अंग कापत होतं. एवढा राग मी त्याला आलेला कधी पाहिला नव्हता. हातची शर्यत गेली, येणारच. मी जवळ जाऊन म्हटलं, "मला माफ कर. टायर माझा होता." त्यानं वर न बघता माझी बाही धरली. बराच वेळ सोडली नाही. पेठेतले लोक येऊन बोलून गेले, तरी सोडली नाही.

१७ एप्रिल, सोमवार

टायर कापला.

सकाळी साडेसातलाच कारखान्यात गेलो. आधी बाहेरून ठोकला. खणखणीत. मग करवतीनं सोळा तुकडे केले. प्रत्येक तुकड्यात रबर आणि सांगाडा यांच्या मधली रेघ भिंगाखाली बघितली. फोड नाही. पोकळी नाही. चिमट्यानं ओढून सोलायचा प्रयत्न केला तर रबरच फाटलं, थर सुटला नाही. याहून चांगला चढवलेला टायर मी पंचवीस वर्षांत पाहिलेला नाही.

मग रिम तपासली. स्पोकच्या तारा एकेक वाजवून बघितल्या. बेअरिंग उघडलं. पुढचं चाक, हँडल, फोर्क. सगळं ठीक. कृष्णातला विचारलं, पाचव्या तासाला तुला काही जाणवलं का? "काडीचं न्हाय," तो तोंड फिरवून म्हणाला.

मग थरथर आली कुठून?

म्हणजे मी चांगल्या टायरवर शर्यत घालवली. तीन वर्षांपूर्वी बद्द आवाज ऐकून गप्प बसलो, आणि आता खणखणीत टायर काढून टाकला. पद्मजाला सांगितलं. ती म्हणाली, "सयाजीला दाखवा आधी. दुसऱ्या कुणाला दाखवू नका." मी विचारलं, का? म्हणाली, "त्याची गाडी, त्याचा टायर."

१८ एप्रिल, मंगळवार

सयाजी दुपारच्या सुट्टीत आला. सोळा तुकडे टेबलावर ओळीनं मांडले होते. त्यानं एकेक उचलला, अंगठ्यानं रबर आणि सांगाडा वेगळे करायला बघितलं. सोळाही तुकडे असे बघितले. शेवटचा खाली ठेवला आणि म्हणाला, "एकबी सुटंना."

"नाही. दोष नाही."

"मालकास्नी सांगितलंसा?"

"परवा लेखी द्यायचं आहे. शर्यतीच्या लोकांनाही प्रत जाणार."

त्यानं सगळे तुकडे माझ्याकडे सरकवले. मग म्हणाला, "काका, ह्ये कुणाला सांगू नका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चांगल्या टायरवर शर्यत थांबवली हे कळलं तर मला गाव हसेल, म्हणून हा मुलगा स्वतःचं नुकसान गिळून मला झाकायला बघत होता. मी म्हटलं, "सयाजी, माझ्यासाठी नको. मला खोटं लिहिता येणार नाही. एकदा न लिहिल्याची शिक्षा मी भोगतो आहे."

"खोटं लिवा म्हणत न्हाय मी." त्यानं टेबलाची कड धरली. "थरथर हुती, काका. आईशपथ हुती. हितं." त्यानं दोन्ही पंजे माझ्यापुढं धरले. "बेळगाववाला पडला न्हवं, तवापास्नं. हँडल धरवंना. ती खरी हुती."

"माझा विश्वास आहे," मी म्हटलं. आणि आहेच. ज्या माणसानं त्या वेगात हात सोडून खूण केली, तो खोटं कशाला बोलेल.

तो खुर्चीवर बसला आणि माझ्या डब्यातली पोळीभाजी त्यानं न विचारता खायला सुरुवात केली. सगळी संपवली. आमटीसुद्धा.

२० एप्रिल, गुरुवार

अहवाल दिला. तीन वेळा लिहून तीन वेळा फाडला. शेवटी लिहिलं: स्वाराला शेवटच्या तासात थरथर जाणवली. तिचं कारण तपासणीत सापडलं नाही. खबरदारी म्हणून चाक बदलण्यात आलं.

यात एक शब्द खोटा नाही. तुकडे निर्दोष होते हे मात्र लिहिलं नाही. तेवढं सयाजीच्या शब्दाखातर.

मालकांनी वाचून सांगितलं की यापुढे शर्यतीचं रबर बंद. पेठेत उघड बोललं जातं आहे की उपळेकरचा टायर शेवटी दगा देत होता, वेळेत काढला म्हणून निभावलं. कृष्णात तर पानाच्या दुकानावर उभा राहून सांगतो. दोन दिवसांपूर्वी हे ऐकलं असतं तर मला घराबाहेर पडवलं नसतं. आज त्या दुकानावरून चालत आलो. कुणीतरी मागून "टायर आला" म्हणालं. पुढं चालत राहिलो. पोटात काही नव्हतं. दमलो असेन.

घरी आलो तर बायडाबाई ओट्यावर बसलेली. नेसरीहून भावानं पाठवलेल्या तांदळाची पिशवी घेऊन आली होती. सयाजीनं गाडी कृष्णातला देऊन टाकली म्हणाली. बोर्ड स्वतः उतरवला. लोक विचारतात तर सांगतो, टायरानं घाबरवलं, आता आईला नको वाटतंय. "मी कवाच काय म्हटलं न्हवतं," ती म्हणाली. "म्हटलं असतं तर त्यो हट्टानं गेला असता. काल नऊपतोर झोपला हुता. दोन म्हयन्यात पयल्यांदा."

"शर्यतीचा शीण," मी म्हटलं.

तिनं पिशवी माझ्याकडे सरकवली. मग विचारलं, "टायरात काय निघालं?"

"कारण सापडलं नाही, बाई."

"बरं झालं," ती म्हणाली आणि उठली.

"काय बरं झालं?"

"सापडलं न्हाय ते."

चपला घालून ती गेली. थरथर यावी आणि तिचं कारणही सापडू नये, यात बरं काय, हे मला विचारायचं होतं. पद्मजाकडे वळलो तर ती दाराआड उभी राहून डोळे पुसत होती. विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "काही नाही. तांदूळ निवडायचे आहेत. बसा," आणि एक ताट माझ्यासमोर सरकवलं. आम्ही दोघं उजेड असेपर्यंत तांदूळ निवडत बसलो.